पिंपरीतलं पेनिसिलिन आणि कातडीतलं औषध

(या भागाचं लिखित रूप. वाचायला सोपं जावं म्हणून बोलण्यातलं थोडं नीट केलंय, बाकी तसंच ठेवलंय.)

२०२१ चा मे महिना आठवा. आपल्या चिखलीत, तळवड्यात, जाधववाडीत ज्यांच्या मोबाईलवर सोसायटीचे आणि कंपनीचे व्हॉट्सॲप ग्रुप होते, त्यांना त्या महिन्यात एक अवघड नाव पाठ झालं होतं: ॲम्फोटेरिसिन बी. कोरोनातून उठलेल्या माणसाचा गाल सुजायचा, डोळा लाल व्हायचा, नाकातून काळपट काहीतरी यायचं, आणि डॉक्टर म्हणायचे, म्युकर आहे. मग त्या इंजेक्शनसाठी पळापळ सुरू. वायसीएममध्ये मिळेल का, पुण्यात मिळेल का, सरकारी कोट्यातून कधी येईल. इंजेक्शन इतकं कमी पडलं की वर्ध्याच्या एका कंपनीनं घाईघाईनं त्याचं उत्पादन सुरू केलं. देशभरात जुलैपर्यंत ४५ हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले, आणि महाराष्ट्र सगळ्यात वरच्या राज्यांत होता.

आता गंमत बघा. ज्या शहरात ही पळापळ चालली होती, ते शहर वाढलंच मुळी जंतू मारणाऱ्या औषधाच्या कारखान्याभोवती. पिंपरीतली एचए कंपनी, म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. इतकंच नाही, ॲम्फोटेरिसिनच्याच कुळातलं एक बुरशीनाशक याच पिंपरीच्या मातीत सापडलं होतं. ते कसं, ते सांगतोच.

पण त्याआधी एक प्रश्न. म्युकरची बुरशी काही नवी नव्हती. ती मातीत असते, शिळ्या भाकरीवर असते, हवेत उडत असते. तुम्ही आणि मी तिचे बीजाणू रोज श्वासातून आत घेतो. आपल्याला काही होत नाही. मग त्या वर्षी ज्यांना झालं, त्यांच्यात एवढ्या जणांना शुगर का होती? आजचा भाग या प्रश्नाच्या इतिहासाबद्दल आहे. आपल्या कातडीत, नाकात, लघवीच्या मार्गात, पांढऱ्या पेशींत स्वतःचं औषध तयार होत असतं. ते औषध आहे हे कळायला माणसाला किती वर्षं लागली, आणि साखर ते कसं बिघडवते, याबद्दल.

सुरुवात जुन्यापासून करू. मधुमेह्याला गळवं होतात, केसतोड होतात, काळपुळी होते आणि ती लवकर बरी होत नाही, हे आपल्याकडे फार आधीपासून माहीत होतं. लघवीकडे मुंग्या धावतात हे निरीक्षण जिथे आहे, त्याच आयुर्वेदाच्या ग्रंथांत प्रमेहपिडका आहेत. प्रमेह झालेल्याच्या अंगावर उठणारे फोड. चरकानं त्यांचे सात प्रकार सांगितले, सुश्रुतानं दहा. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात त्यांच्या उपचारावर वेगळा अध्यायच आहे. हे फोड येण्यामागे जंतू आहेत हे त्या काळात कुणाला ठाऊक असणं शक्य नव्हतं, पण गोड लघवी आणि न भरणारी जखम यांची जोडी त्यांनी बरोबर पकडली होती. माझ्या मते हे निरीक्षण म्हणून फार मोठं आहे. ‘आपल्या ग्रंथांत सगळं आधीच होतं’ असं म्हणायची मात्र गरज नाही. निरीक्षण होतं, कारण नव्हतं. कारण कळायला १९२१ उजाडावं लागलं, आणि तेव्हाही अर्धंच कळलं.

१९२१ हे वर्ष मला फार आवडतं. त्या वर्षी जगाच्या दोन टोकांना दोन गोष्टी चालू होत्या आणि त्या एकमेकींच्या गोष्टी आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं.

कॅनडात टोरंटोला फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट कुत्र्यांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन काढायच्या मागे होते. आणि त्याच वर्षाच्या शेवटी लंडनला अलेक्झांडर फ्लेमिंगला सर्दी झाली होती. त्यानं आपल्या नाकातला शेंबूड जंतू वाढवलेल्या बशीवर टाकला. हो, शेंबूडच. बघितलं तर शेंबडाच्या आसपासचे जंतू विरघळून गेलेले. मग त्यानं डोळ्यांतलं पाणी तपासलं, लाळ तपासली, अंड्याचा पांढरा बलक तपासला. सगळ्यांत तेच. डोळ्यांतून पाणी काढण्यासाठी प्रयोगशाळेत लिंबू पिळायचे म्हणे. १९२२ मध्ये त्यानं या पदार्थाला नाव दिलं, लायसोझाइम. म्हणजे पेनिसिलिन सापडायच्या सहा-सात वर्षं आधी याच माणसाला शरीराचं स्वतःचं जंतुनाशक सापडलं होतं. फक्त ते मारत होतं बहुतेक निरुपद्रवी जंतूंना, म्हणून कुणी फार लक्ष दिलं नाही.

आता टोरंटो. ११ जानेवारी १९२२. लिओनार्ड थॉम्पसन नावाचा चौदा वर्षांचा मुलगा, हाडाचा सापळा झालेला, त्याला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं. औषध इतकं अशुद्ध होतं की साखर फारशी उतरली नाही, उलट सुई टोचली तिथे गळू झालं. जेम्स कॉलिपनं ते शुद्ध केलं, २३ जानेवारीला पुन्हा दिलं, आणि मुलगा उठून बसला. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पुढची कमी जणांना माहीत असते. लिओनार्ड आणखी तेरा वर्षं जगला आणि १९३५ मध्ये, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा असताना, न्यूमोनियानं गेला.

इथे थोडं थांबू या. इन्सुलिनमुळे मधुमेह्याचं आयुष्य वाढलं. पण वाढलेल्या आयुष्यात रोज थोडी थोडी साखर जास्त राहत होती, आणि दाराशी जंतू उभेच होते. क्षय, न्यूमोनिया, काळपुळी, पायाचं सडणं. बोस्टनचे डॉक्टर इलियट जोस्लिन १९३४ मध्ये कळकळीनं लिहीत होते की पाय सडणं हे काही नशिबाचा भोग नाही, पायांची काळजी घेतली तर ते टाळता येतं. ते आपल्या रुग्णांना पाय धुवायला, पुसायला, नखं नीट कापायला शिकवायचे. औषध नव्हतंच, मग आणखी काय करणार?

औषध आलं ते पेनिसिलिन. आणि आपल्याकडे ते पिंपरीत आलं.

स्वातंत्र्यानंतर आपल्याला पेनिसिलिन बाहेरून विकत आणावं लागायचं. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे माजी संचालक साहिबसिंग सोखी यांच्यासारखी माणसं आग्रह धरत होती की हे औषध देशात, सरकारी कारखान्यात बनलं पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेनं तंत्रज्ञ दिले, युनिसेफनं यंत्रं दिली, आणि १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी उभी राहिली. औषधं बनवणारी देशातली पहिली सरकारी कंपनी. १९५५ मध्ये तिथून पेनिसिलिन बाहेर पडायला लागलं. पिंपरी तेव्हा गाव होतं. नगरपालिका झाली १९७० मध्ये, महापालिका १९८२ मध्ये. आणि आपली चिखली तर पालिकेच्या हद्दीत आली १९९७ मध्ये. तोवर इथे इंद्रायणीकाठची शेती होती. तेव्हा कुणी ‘पिंपरी-चिंचवड म्हणजे गाड्यांचं शहर’ म्हटलं की मी म्हणतो, आधी पेनिसिलिन, गाड्या मागून आल्या.

बरं, मातीची गोष्ट. एचएच्या संशोधन विभागात एम. जे. तिरुमलाचार नावाचे बुरशीशास्त्रज्ञ होते. मातीतले जंतू एकमेकांना मारायला रसायनं सोडतात, ती शोधायची, हे त्यांचं काम. १९६० च्या आसपास पिंपरीच्या मातीतल्या एका जंतूपासून त्यांना बुरशी मारणारं रसायन मिळालं. त्या जंतूला नाव दिलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पिंपरीचं नाव जंतुशास्त्रात कायमचं लागलं! आणि औषधाला नाव दिलं हमायसिन, हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या ‘एचए’वरून. व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीजवळच्या मातीतून ॲम्फोटेरिसिन बी मिळालं होतं, त्याचं हे भावंडच. दोन्ही बुरशीच्या पेशीचं आवरण भोकं पाडून फोडतात. हमायसिन पोटातून नीट शोषलं जात नसे, त्यामुळे ते तोंडातल्या आणि कातडीवरच्या बुरशीपुरतंच जास्त राहिलं. तरी २०२१ च्या पळापळीत मला हे सारखं आठवत होतं.

पण पेनिसिलिननं एक गोष्ट नकळत केली. बाहेरून आणलेलं औषध इतकं जबरदस्त होतं की आतल्या औषधाकडे कुणी बघेना. लायसोझाइम पाठ्यपुस्तकात एका ओळीचं झालं. मधुमेह्याची जखम चिघळली की द्या अँटिबायोटिक. बरी झाली नाही तर द्या जास्त. तरीही नाही झाली तर बोट कापा. अँटिबायोटिक रक्तातून जखमेपर्यंत पोचावं लागतं, आणि पोचलं तरी शेवटची साफसफाई शरीरालाच करावी लागते, हे डॉक्टरांना माहीत होतं. ती साफसफाई नेमकी कोण करतं, हे नीट माहीत नव्हतं.

ते कळलं १९८० च्या दशकात, आणि कळलं पतंगाकडून आणि बेडकाकडून.

स्वीडनमध्ये हान्स बोमन नावाचा शास्त्रज्ञ रेशमी पतंगाच्या कोषात जंतू टोचायचा. पतंगाला आपल्यासारखी लसीनं शिकणारी प्रतिकारशक्ती नसते. तरी तो मरत नव्हता. कोषाच्या रसात छोटी छोटी प्रथिनं सापडली, जी जंतूंना थेट मारत होती. हे १९८१ चं. मग १९८५ मध्ये लॉस एंजेलिसला रॉबर्ट लेहरर, टोमास गँझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना माणसाच्या पांढऱ्या पेशींत तशीच प्रथिनं सापडली. नाव दिलं डिफेन्सिन. आणि १९८७ मध्ये मायकेल झॅसलॉफ. हा अमेरिकेत बेडकांची अंडी काढून त्यांवर काम करायचा. बेडकाच्या पोटावर छोटा छेद द्यायचा, अंडी काढायची, टाके घालायचे, आणि बेडूक परत टाकीतल्या गढूळ पाण्यात. एके दिवशी त्याच्या मनात आलं, अरे, या घाण पाण्यात या जखमा पिकत का नाहीत? उत्तर बेडकाच्या कातडीत होतं.

नंतर माणसाच्या कातडीत, घामात, आतड्यात, मूत्राशयात अशी डझनावारी प्रथिनं सापडत गेली. जर्मनीत कील इथे १९९७ मध्ये एक डिफेन्सिन सापडलं ते चक्क सोरायसिसच्या खपल्यांत. सोरायसिसच्या चट्ट्यांत जंतूसंसर्ग फारसा होत नाही, त्याचं कारण तिथे हे औषध भरपूर तयार होतं.

हे औषध काम कसं करतं ते सोपं आहे, आणि तेच नीट समजून घ्या, कारण साखर तिथेच घात करते. जंतूच्या बाहेरच्या आवरणावर ऋण भार असतो. या प्रथिनांवर धन भार असतो. चुंबकासारखी ती जंतूला जाऊन चिकटतात, आवरणात घुसतात, भोक पाडतात. आपल्या पेशींच्या बाहेरच्या बाजूला तसा ऋण भार फारसा नसतो, म्हणून त्या वाचतात. आणि हा धन भार प्रथिनाला मिळतो तो त्याच्या साखळीतल्या दोन-तीन प्रकारच्या दुव्यांमुळे. त्यातला एक महत्त्वाचा दुवा म्हणजे आर्जिनिन.

आता साखर. रक्तात ग्लुकोज सतत जास्त राहिलं की पेशी ते जाळताना काही चिकट, खोडकर रेणू जास्त तयार होतात. त्यातलं एक नाव मिथाइलग्लायॉक्सल. याला आर्जिनिन फार आवडतं. जाऊन चिकटतं, आणि आर्जिनिनचा धन भार जातो. अमेरिकेतल्या केस वेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की असे रेणू त्याच सोरायसिसच्या खपल्यांत सापडलेल्या डिफेन्सिनला चिकटले की त्याची जंतू मारायची ताकद घटते, आणि पांढऱ्या पेशींना ‘इकडे या’ म्हणून बोलवायची ताकदही घटते. म्हणजे तोफ आहे, पण ओली दारू भरलेली, आणि भोंगाही बंद.

दुसरं, औषध कमी तयार होणं. लघवीचा संसर्ग मधुमेही बायकांना वारंवार होतो, हे घराघरात माहीत आहे. आपल्याकडे त्याचं कारण लगेच ‘लघवीत साखर जाते, तिच्यावर जंतू वाढतात’ असं सांगतात. पण स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या ॲनेली ब्राउनर यांच्या गटानं २०२२ मध्ये दाखवलं की मधुमेह्यांमध्ये सोरायसिन नावाचं मूत्रमार्गातलं संरक्षक प्रथिनच कमी असतं, आणि ग्लुकोज वाढलं की मूत्राशयाच्या पेशी ते कमी बनवतात. म्हणजे फक्त जंतूला खायला मिळतं असं नाही, पहारेकऱ्यांची संख्याच कमी झालेली असते.

तिसरं, पांढऱ्या पेशी. साखर जास्त असली की त्या जखमेकडे हळू जातात, जंतूला गिळतात कमी, आणि गिळल्यावर जाळायला जे रसायन लागतं ते साखर पचवायच्या आडवाटेतच खर्च होऊन जातं.

आता २०२१ कडे परत. म्युकरची बुरशी लोखंडाची भुकेली. निरोगी शरीरात मोकळं लोखंड जवळजवळ नसतंच, रक्तातलं एक प्रथिन ते घट्ट धरून ठेवतं. हासुद्धा शरीराचा जंतुनाशक बंदोबस्तच आहे, उपाशी ठेवून मारायचा. पण साखर फार वाढून रक्त आंबट झालं की त्या प्रथिनाची पकड सुटते. लोखंड मोकळं. वर जास्त साखरेमुळे नाकाच्या आतल्या पेशींवर बुरशीला धरायला खुंट्याही वाढतात. आणि कोरोनाच्या उपचारात दिलेलं स्टेरॉइड साखर आणखी वाढवतं आणि पांढऱ्या पेशींना झोपवतं. किती जणांना तर आपल्याला शुगर आहे हे वॉर्डातच पहिल्यांदा कळलं. बाहेरून ॲम्फोटेरिसिन आणायला आपण रांगा लावल्या, त्याच्या कितीतरी आधी आतला साठा संपलेला होता.

तुम्ही म्हणाल, हे वयस्कर, जाड माणसांचं. नाही. पुण्याच्या केईएममधले डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत जन्मलेल्या बाळांचा अभ्यास केला. बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा बरीच हलकी, पण अंगात चरबी त्या मानानं टिकलेली. २००४ मध्ये त्यांनी स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो ‘लॅन्सेट’मध्ये छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. म्हणजे सडपातळ दिसणारा, चाकणला शिफ्ट करणारा, दुपारी वडापाववर भागवणारा पोरगासुद्धा या रांगेत असू शकतो. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशात मधुमेही १० कोटींच्या वर निघाले, आणि उंबरठ्यावरचे १३ कोटींच्या वर.

आपल्या पट्ट्यात याला सेफ्टी शूजची जोड आहे. बूट पायाला वाचवतोच, त्याबद्दल वाद नाही. पण ज्याच्या पायाची संवेदना साखरेनं गेलीय, त्याला आतला खडा, घट्ट झालेला टो-कॅप, घामानं भिजलेला मोजा काहीच कळत नाही. बारा तासांनी बूट काढतो तेव्हा मोज्याला डाग दिसतो, तेव्हा कळतं. मग ती जखम अशा कातडीत आहे जिथे तोफेची दारू ओली आहे.

यावरचा आपला एक उपाय कुष्ठरोगाकडून आलाय, हे फार जणांना ठाऊक नसतं. वेल्लोरला डॉक्टर पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या पायांवर काम करताना ओळखलं की पाय झडत नाहीत, दुखत नाही म्हणून माणूस त्यांना न कळत झिजवतो. त्यातून मऊ सच्छिद्र रबराच्या चपला आल्या. मधुमेह्यांना आज डॉक्टर जी ‘एमसीआर चप्पल’ लिहून देतात, ती तीच. आणि संवेदना तपासायला लागतो एक नायलॉनचा दोरा. तळपायाला टेकवून किंचित वाकेपर्यंत दाबायचा, डोळे मिटलेल्या माणसानं ‘लागला’ म्हणायचं. दोन मिनिटांचं काम.

शेवटी, मागच्या भागाखाली एकानं विचारलं होतं त्याचं उत्तर. प्रश्न असा: वडिलांची शुगर आता आटोक्यात आलीय, तर अंगातली ही ताकद परत येते का?

काही येते, काही नाही. पांढऱ्या पेशी काही दिवसांच्याच असतात, त्या सतत नव्या येतात. साखर खाली आली की नव्या पेशी बऱ्यापैकी नीट काम करतात. कातडीतली ती प्रथिनंही ताजी बनत राहतात, त्यामुळे तिथेही सुधारणेला जागा आहे. पण कातडीखालचं कोलॅजन वर्षानुवर्षं टिकणारं असतं, त्याला चिकटलेली साखर पटकन सुटत नाही. आणि पायाची जी संवेदना पूर्ण गेली, ती सहसा परत येत नाही. म्हणून रिपोर्ट चांगला आला तरी वडिलांचे तळपाय रोज रात्री बघायचे. त्यांना स्वतःला वाकून दिसत नसेल तर तुम्ही बघायचे, नाहीतर फरशीवर छोटा आरसा ठेवायचा. बोटांच्या बेचक्यासुद्धा.